सायकलवर अनोळखी माणूस चाकाला चिकटून मागे येत राहिला तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गंगापूर रोडला सोमेश्वरपासून एक गृहस्थ रोज तुमच्या मागच्या चाकाला चिकटून येतात, बोलत काहीच नाहीत, आणि त्यांना टोकणं उद्धटपणाचं होईल का. अजिबात नाही. उद्धट ते आहेत. मागे लागायचं तर आधी विचारायचं, आणि न विचारता लागलात तर पडल्यावर पुढच्याला बोल लावायचा नाही. एवढं ठासून सांगतोय कारण माझ्या मेहुण्याला हे अजून पटलेलं नाही.

श्रावणातला रविवार होता. आम्ही दोघं सातपूरहून त्र्यंबकला निघालेलो. पावसाळ्यात त्या रस्त्याला जाताना वारा समोरून छातीवर येतो. महिरावणी सोडल्यावर मी मान खाली घालून गुपचूप पायडल मारत होतो, मेहुणा बराच मागे. अधूनमधून टिकटिक ऐकू यायची. वाटलं, चेनला तेल घालायला झालंय. खरं तर टिकटिकतं ते मागच्या चाकातलं फ्रीव्हील, तेही पाय थांबवल्यावर; मी पायडल मारत असताना माझं वाजणार कसं, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. ती टिकटिक मागच्याची होती. वारा मी खात होतो आणि हा पठ्ठ्या पाय थांबवून आरामात येत होता. चाकामागे हात-दीड हातावर राहिलं की पाव हिस्सा तरी मेहनत वाचते, फुकटची.

अंजनेरीच्या अलीकडे पाण्याने भरलेला खड्डा आला. खोली कळेना म्हणून मी ब्रेक दाबला. मागे चर्र आवाज, मग धप्प. त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या टायरला घासलं होतं. अशा वेळी पडतो तो मागचाच, कारण हँडल त्याचं फिरतं. पुढच्याला नुसता धक्का बसतो. पंचविशीतला पोरगा, कोपर सोललेलं, चष्मा खड्ड्यात. मी बाही दुमडून त्या गढूळ पाण्यात चाचपून चष्मा काढून दिला, एक काडी तुटलेली. आणि त्याचं पहिलं वाक्य काय, तर "काका, हात तरी दाखवायचा ना!"

कुणाला दाखवायचा? माझ्या मागे कुणी आहे हे मला माहीत कुठे होतं?

तेवढ्यात मेहुणा पोचला. काही पाहिलेलं नसताना म्हणाला, "भाऊजी, तुम्ही सीनियर, तुम्हीच समजून घ्यायचं." सगळ्यांचा चहा मी पाजला तो वेगळाच. तेव्हापासून दर दिवाळीत हा विषय निघतो. तो म्हणतो, ग्रुपमध्ये पुढचा माणूस खड्डा दाखवतो. दाखवतोच ना, मीही दाखवतो, पण ग्रुपमध्ये आपसात ठरलेलं असतं! 2015 मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, त्यानंतर इथे बऱ्याच जणांनी गिअरच्या सायकली घेतल्या, चांगलंच झालं. पण त्या शर्यतीत दुसऱ्या स्पर्धकाच्या आडोशाने जायला मनाई असते, हे मेहुण्याला दहादा सांगून झालंय. त्यावर तो म्हणतो, त्र्यंबक रोड म्हणजे अमेरिका नाही.

तर तुमचं. वेग कमी करा, डावीकडे व्हा, हाताने "जा पुढे" खुणवा. नाहीच गेले तर तोंडावर सांगा, "मागे चिकटू नका, मी कधीही ब्रेक मारते." अचानक ब्रेक मारून धडा शिकवायला मात्र जाऊ नका, ओल्या रस्त्यावर मागून टेम्पो येत असतो.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: तुम्ही बाई आहात, एकट्या असता, आणि माणूस रोज तोच आहे. मग हा सायकलच्या रीतीभातीचा प्रश्न उरत नाही. वेळ बदला, कुणाला तरी सोबत घ्या, चहाच्या टपरीशी थांबून चारचौघांत मोठ्याने विचारा, गरज पडली तर 112 लावा. तिथे समजून वगैरे घेत बसू नका, माझा मेहुणा काहीही म्हणो.

गिरणारे रोडला द्राक्षाच्या ट्रॅक्टरमागे मीही कधीकधी लागतो. पण ट्रॉलीवाल्याला आधी हात करतो.