प्रार्थना की मोर्चा, विचारलंस ना

प्रिय पोरी,

सलाम.

रविवारी चर्चची उपासना सुटल्यावर गेटपाशी तू एका दमात सगळं बोललीस आणि मी नुसतं हं हं करत राहिले, रिक्षा थांबली होती आणि असल्या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर द्यायचं नसतं. म्हणून लिहिते. तू म्हणालीस, तरुण संघातली पोरं म्हणतात तू हल्ली फार राजकारण करायला लागलीस, आणि तुर्भ्याला ज्यांच्यासोबत तू सफाई कामगारांच्या वस्तीत जातेस ते म्हणतात प्रार्थनेत डोळे मिटून बसणं म्हणजे पळवाट आहे, मग मावशी मी नक्की काय सोडू.

मला माझी एक गोष्ट सांगायची आहे, आधी ती ऐक.

मी तेव्हा नर्सच्या नोकरीतून नुकतीच रिटायर झाले होते. घोडबंदर रोडला एका सोसायटीत सेप्टिक टाकी साफ करायला दोन माणसं उतरली होती, म्हणजे एक उतरला, तो बेशुद्ध पडला म्हणून दुसरा त्याला काढायला उतरला, आणि दोघंही गेले. दुसरा पहिल्याचाच धाकटा मेहुणा. पहिल्याची बायको तुर्भ्याला इंदिरानगरात राहायची. आमच्या महिला मंडळातून आम्ही दोघी गेलो, पिशवीत तांदूळ, तूरडाळ, तेल, आणि माझ्या पर्समध्ये बायबल. दहा बाय बाराची खोली, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांचा फोटो, कोपऱ्यात पाण्याचा निळा ड्रम, आणि ती बाई ड्रमशेजारी बसून नवऱ्याच्या चपला ब्रशने घासत होती. त्याच चपला, ज्या त्याने उतरण्याआधी टाकीच्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. मी बसले आणि लगेच हात जोडून मोठ्याने प्रार्थना सुरू केली, कारण मला तेवढंच येत होतं. तिने मान वर न करता सांगितलं, मावशी आवाज नका करू, पोरगं आत्ता झोपलंय.

मग मी गप्प बसले. चाळीस एक मिनिटं. पहिली दहा मिनिटं मी खरं सांगते, घड्याळ बघत होते, पुढची कुठली ट्रेन मिळेल याचा हिशोब चालला होता. नंतर हळूहळू तो हिशोब थांबला आणि समोरचं दिसायला लागलं. चप्पल कधीच स्वच्छ झाली होती तरी ती घासतच होती. पोरगं बापाचा शर्ट मुठीत धरून झोपलं होतं. भिंतीला खिळा होता आणि त्याला तीन कॅरीबॅग लटकवलेल्या. मी त्या पिशव्यांकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं असेल, ती उठली, मधली पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली, एक शब्द बोलली नाही. त्यात रेशन कार्ड, आधार, आणि किराणा दुकानात फुकट मिळते तसली छोटी डायरी. त्या माणसाने रोज लिहून ठेवलं होतं, तारीख, जागा, किती ठरले, किती मिळाले, किती बाकी. टाकी, घोडबंदर, बाकी. असं पानोपान.

पुढे कॉन्ट्रॅक्टर म्हणाला मी या माणसाला ओळखतच नाही, सोसायटी म्हणाली आम्ही कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं आमचा संबंध नाही, तेव्हा त्या डायरीने आम्हाला उभं केलं. मी त्या दिवशी प्रार्थना संपवून डाळ-तांदूळ ठेवून निघाले असते तर ती पिशवी खिळ्यालाच राहिली असती.

माझ्यासाठी ध्यान म्हणजे हे. देवासमोर गप्प बसायची सवय लागली की माणसासमोर पण गप्प बसता येतं, आणि गप्प बसलं की दिसतं. ज्यांना न्यायाचं काम करायचं आहे त्यांना आधी नीट दिसायला पाहिजे, नाहीतर आपण आपल्या डोक्यातल्याच गरिबासाठी काम करत राहतो आणि खरा माणूस बाजूला चपला घासत बसलेला असतो.

आता दुसरी बाजू. तुझ्या तरुण संघाला सांग की नुसतं बघून पण भागत नाही. आपल्या चर्चच्या मंडळीत दर ख्रिसमसला ब्लँकेट वाटप होतं, मी स्वतः पंचवीस वर्षं वाटलीत, मला त्याचा कमीपणा वाटत नाही, थंडीत ब्लँकेट लागतंच. पण त्या बाईला ब्लँकेट देणं आणि तिचा हक्काचा पैसा मिळवून देणं यात फरक आहे, आणि पुढचा माणूस टाकीत उतरूच नये हे बघणं तर त्याच्याही पुढचं आहे. २०१३ चा कायदा आहे, कोणीही, म्हणजे महापालिका असो की सोसायटी की ठेकेदार, गटार किंवा टाकीच्या धोक्याच्या सफाईला माणसाला लावायचं नाही, लावलं तर पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १९९३ पासून असे जे जे गेले त्यांच्या घरच्यांना १० लाख द्या. गोवंडीच्या एका सोसायटीच्या टाकीत तिघं मेले होते, त्यात २०२१ ला मुंबई हायकोर्टाने सरकारला सांगितलं की आधी तुम्ही त्यांच्या विधवांना पैसे द्या आणि मग ज्याने काम लावलं त्याच्याकडून वसूल करा, हे फार मोठं झालं कारण तोपर्यंत खाजगी सोसायटी आहे म्हणून सगळे हात वर करायचे. आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने रक्कम ३० लाख केली. आमच्या केसला १० च मिळाले, त्या आधीची होती, आणि त्यासाठी किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. हे सगळं तुला पाठ पाहिजे पोरी, वचन पाठ असतं तसं. वस्तीत गेल्यावर कोणी विचारलं तर थांबा गुगल करते असं म्हणू नकोस.

नर्स म्हणून अजून एक सांगते. टाकीत जो गॅस असतो, हायड्रोजन सल्फाइड, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते, माणसाला वाटतं वास गेला म्हणजे गॅस गेला, आणि तो खाली उतरतो. दुसरा त्याला वाचवायला जातो. बहुतेक वेळा दुसरा असतोच. मला योहानाच्या शुभवर्तमानातलं ते आठवलं होतं, मित्रांसाठी जीव द्यावा यापेक्षा मोठी प्रीती नाही, आणि आठवल्याबरोबर इतका राग आला की मी बायबल मिटून ठेवलं. त्या मेहुण्याची प्रीती खरीच होती, पण ती दाखवायची वेळ त्याच्यावर आणली कोणी? टाकी उपसायची मशीन भाड्याने मिळते. तो राग मी प्रार्थनेत तसाच नेला, गोड करून नेला नाही. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघ, किती स्तोत्रं नुसती ओरडतात, किती वेळ हे परमेश्वरा, किती वेळ. आपल्याला लहानपणापासून प्रभूसमोर शहाण्या मुलीसारखं बसायला शिकवलं, स्तोत्रं लिहिणाऱ्या दाविदाला ते कोणी शिकवलेलं दिसत नाही.

मार्कचा पहिला अध्याय काढ. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दारात जमलंय, आजारी, भूत लागलेले, प्रभू एकेकाला बरं करतोय. आणि दुसऱ्या दिवशी अजून अंधार असतानाच उठून एकांतात जाऊन प्रार्थना करत बसलाय. त्याचा शिष्य पेत्र शोधत येतो, म्हणतो सगळे तुम्हाला शोधतायत. इथे आपण असतो तर धावत परत गेलो असतो ना? तो म्हणतो, चला, आसपासच्या गावांत जाऊ. मला हे फार वर्षं कळलं नव्हतं. प्रार्थनेतून उठल्यावर तो परत त्याच गर्दीत गेला नाही आणि घरी पण बसला नाही, तो तिकडे गेला जिकडे अजून गेला नव्हता. तुझ्या ग्रुपमधल्यांना पळवाट वाटते ना, त्यांना हे वाचून दाखव, ख्रिस्ती नसले तरी. भांडू नकोस मात्र, त्यांचंही बरोबर आहे, खूप लोक प्रार्थनेच्या नावाखाली खरंच पळतात, मी पळालेली आहे.

आणि आपल्या मराठी मंडळींना दुसरीकडून उदाहरणं आणायची गरज काय, पंडिता रमाबाई आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, बायकांना केडगावला घेऊन आल्या. त्याच केडगावात शेती, गाई, विणकाम, आणि त्याच केडगावात त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत बसल्या होत्या, त्याचे छपाईचे खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच, म्हणजे त्यांच्या तिथल्या आश्रमातल्याच मुली. त्याच बाईने १८९७ ला प्लेगच्या वेळी पुण्यात सरकारी व्यवस्थेत बायकांना कसं वागवतात याच्यावर पेपरात जाहीर पत्र लिहिलं, राज्य इंग्रजांचं, म्हणजे ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचंच, तरी गप्प नाही बसल्या. तिला कोणी विचारलं असतं का, रमाबाई तुम्ही प्रार्थनावाल्या की मोर्चावाल्या? त्या भाषांतराच्या टेबलावरून उठून धान्याचा हिशोब बघायला जात असतील आणि परत येऊन तोच शब्द पुढे नेत असतील, मला नेहमी असंच डोळ्यासमोर येतं.

एक अवघड गोष्ट पण लिहिते, कारण तू लहान नाहीस. आपल्याकडे कोणी टाकीत उतरतं ते जात बघून उतरवलं जातं. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतले, मेलेली जनावरं ओढायचं काम त्यांच्या वडिलांपर्यंत होतं, मिशनच्या शाळेत आजोबा शिकले आणि ते काम सुटलं. तीन पिढ्यांत आपण ऐरोली-वाशीत फ्लॅट घेतले आणि आपल्यालाच विसर पडला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला मिळाला, आपल्या लोकांना नाही, यावर मंडळीत खूप बोललं जातं आणि बोलायलाच पाहिजे. पण चर्चच्या संडासाची सफाई करायला जी बाई येते तिला चहा कुठल्या कपात देतात हे पण बघ. तिला किती पगार देतो, सुट्टी देतो का. न्याय तिथून सुरू कर, गेटच्या आतून. तुझ्यावर लोक चिडतील, माझ्यावर चिडले होते, पण मी आहे.

आणि हो, वस्तीत जाताना पर्समधलं बायबल पर्समध्येच राहू दे. दुःखात पडलेल्या माणसापुढे आपला धर्म मांडायचा नाही. त्या बाईने मला कधी विचारलं तर मी सांगेन मी का येते, तिने अजून विचारलेलं नाही आणि आम्ही इतकी वर्षं एकमेकींच्या घरी जेवतो.

रोज काय करायचं ते विचारलं होतंस. थोडंच कर. तू ठाण्याहून ऐरोलीला ऑफिसला जातेस, ट्रेनमध्ये मोबाईल बंद ठेव आणि एकच ओळ घे, एकच, दिवसभर तीच चघळ. मी महिनाभर बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याची घेतली होती, न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवासोबत नम्रपणे चाल, अजून संपली नाही. रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं दिवस उलटा बघत जा, आज कोण कोण भेटलं, कोणाला मी बघितलंच नाही, कुठे राग आला, कुठे बरं वाटलं. इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संताने ही पद्धत चारशे-पाचशे वर्षांपूर्वी शिकवली, आपण प्रोटेस्टंट म्हणून काही बिघडत नाही. आणि वस्तीतली नावं वहीत लिहून ठेव, प्रार्थनेत नावाने घे. गरिबांना आशीर्वाद दे असं म्हणू नकोस, नाव घे. नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी तिच्या अर्जाचं काय झालं हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

शेवटचं, तू म्हणालीस काहीच बदलत नाही मावशी. खारघरवरून जाताना मला तळोजा जेल आठवतं. आदिवासींच्या हक्कांसाठी झटणारे जेझुइट पाद्री फादर स्टॅन स्वामी तिथे होते, ऑक्टोबर २०२० ला रांचीहून अटक करून आणलं, पार्किन्सनमुळे हातात पेला धरता यायचा नाही, सिपरसाठी, म्हणजे नळीच्या पेल्यासाठी, कोर्टात अर्ज करावा लागला. खटला सुरूच झाला नाही, जामीन मिळाला नाही, ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या हॉस्पिटलमध्ये वारले, ८४ वर्षांचे होते. आतून त्यांनी जी पत्रं लिहिली त्यात स्वतःचं रडगाणं नाही. सोबतचे गरीब कैदी, ज्यांना आपल्यावर गुन्हा कुठला लावलाय हेसुद्धा माहीत नाही, वर्षानुवर्षं वकिलाशिवाय पडून आहेत, त्यांच्याबद्दल आहे. कोण आपल्याला जेवायला, आंघोळीला मदत करतं ते आहे. आणि पिंजऱ्यातला पक्षी पण गाऊ शकतो असं लिहिलंय. कोठडीत बसून त्यांना बाजूचा माणूस दिसत होता. मला वाटतं आयुष्यभर डोळे मिटून बसायची सवय होती म्हणूनच दिसत होता.

शनिवारी एका नवीन घरी जायचं आहे, दिघ्याला, तिथल्या बाईचा भाऊ वारलाय, अजून एफआयआरची कॉपी पण मिळालेली नाही. तू सकाळी साडेआठला ऐरोली स्टेशनच्या बाहेर ये. पेन, कोरी वही आणि झेरॉक्ससाठी सुट्टे पैसे आण. आधी आपण दहा मिनिटं बाकावर गप्प बसू, मग जाऊ. तिथे गेल्यावर पहिलं मी बोलणार नाही, तूही बोलू नकोस, ती बोलेल.

तुझी,
मावशी