खरूज, कडुलिंबाचा लेप आणि घरातली बाकीची माणसे

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा वसतिगृहातून सुटीवर आला, तेव्हा त्याच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि बेंबीभोवती बारीक पुरळ होते. रात्री खाजेमुळे तो झोपत नाही. आता धाकट्या मुलीलाही खाज सुटली आहे. सासूबाई कडुलिंबाचा पाला व हळद वाटून लावतात; शेजारी बिब्बा लावायला सांगतात. हे पुरेसे आहे का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : या खुणा खरजेच्याच दिसतात, तरीही गजकर्ण किंवा इसब नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. खरूज रक्त बिघडल्याने होत नाही. एका अतिसूक्ष्म किडीची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून तेथे अंडी घालते आणि अंगाला अंग लागून, एका अंथरुणात झोपून ती इतरांकडे जाते.

सासूबाईंचा लेप निराधार नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ८१४ रुग्णांना हाच लेप लावला होता आणि त्यांपैकी ९७ टक्के ३ ते १५ दिवसांत बरे झाल्याची नोंद आहे. मात्र घरी वाटलेल्या पाल्याची ताकद दर वेळी सारखी नसते, आणि लेप पुरळ दिसते तेवढ्याच जागी लावला जातो, तर कीड न खाजणाऱ्या जागीही असते. म्हणून मुख्य उपचार ५ टक्के परमेथ्रिनच्या मलमाचाच ठेवावा. ते मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत आणि कापलेल्या नखांखालीही रात्री लावून सकाळी अंघोळ करावी व साधारण आठवड्याने पुन्हा लावावे. जुन्या उपायांपैकी गंधक आजही वैद्यकात टिकून आहे. तान्ह्या बाळांना व गरोदर स्त्रियांना ५ ते १० टक्क्यांचे गंधकाचे मलम दिले जाते.

बिब्बा मात्र मुळीच लावू नका. त्याच्या तेलाने कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात, आणि खाजवून सोललेल्या अंगावर तर ते फारच घातक आहे. कडुलिंबाचे तेल लहान मुलांच्या पोटात जाऊ देऊ नये.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की मलम घरातील सर्वांनी, अगदी सासूबाईंनीही, एकाच रात्री लावले पाहिजे. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला दोन ते सहा आठवडे खाज सुटत नाही, पण तो इतरांना रोग देत असतो. त्याच दिवशी कपडे, चादरी गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवाव्यात. धुता न येणारी गोधडी पिशवीत बांधून चार-पाच दिवस बाजूला ठेवावी, कारण अंगाबाहेर कीड दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

कीड मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा मलम लावू नये. पू झाला, ताप आला, चेहरा सुजला किंवा लघवी लाल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वसतिगृहाच्या अधीक्षकांनाही आजच कळवा, म्हणजे सुटी संपण्यापूर्वी त्याच्या खोलीतील सगळ्या मुलांना एकाच वेळी औषध देता येईल.