पावसाळ्यात ईकोला ड्राइव्ह-अवे ऑनिंग: मुळशी-वेल्ह्याच्या पावसात चालेल का?

तुमचा प्रश्न वाचला. मारुती ईको आतून बदलून मागे दोघांची झोपायची सोय केलीत, लीड्सचा मावसभाऊ त्याचं वापरलेलं ड्राइव्ह-अवे ऑनिंग फुकट देतोय, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोन मुलं व आईंना घेऊन मुळशी-वेल्ह्याकडे जायचा विचार आहे. आपल्या पावसात ते टिकेल का, आई त्यात झोपतील का, आणि ते उभं ठेवून दिवसभर गाडी घेऊन फिरता येईल का, असे तीन प्रश्न आहेत.

आधी उत्तरं देतो. कापड टिकेल. आईंना त्यात झोपवू नका, त्या गाडीत झोपू द्यात आणि तुम्ही ऑनिंगमध्ये झोपा. उभं ठेवून जायचं की नाही हे जागेवर ठरतं, पण उघड्या पठारावर किंवा घाटमाथ्यावर अजिबात नको.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हा स्वतःच्या पायावर उभा राहणारा तंबू. त्याला गाडीच्या बाजूने एक कापडी बोगदा असतो, तो गाडीच्या दाराशी जोडायचा. सकाळी बोगदा सोडवून गाडी काढली तरी तंबू तिथेच राहतो, संध्याकाळी येऊन परत जोडायचा. गाडीच्या अंगावरून उलगडणाऱ्या साध्या छपरात आणि यात फरक एवढाच.

माझं स्पष्ट मत असं की पावसाळ्यात याच्याकडून कोरडेपणाची अपेक्षा ठेवूच नये. ही ओलं ठेवायची जागा आहे. भिजलेले रेनकोट, चिखलाचे बूट, टपकणाऱ्या छत्र्या, मुलांचे ओले कपडे हे सगळं बाहेर राहिलं की गाडीतली गादी कोरडी राहते. ईकोएवढ्या गाडीत एक ओलं जर्किन आत आलं तरी सकाळपर्यंत काचा, पांघरुणं, सगळं दमट होतं. या एका कारणासाठी मी पावसाळ्यात ऑनिंग नेतो. बैठकीची खोली म्हणून नेणारे पहिल्याच मोठ्या सरीला वैतागतात.

आता कापडाबद्दल. पाकिटावर 3000 मिमी लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं एवढा पाऊस सोसेल. तसं नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ वाढवत नेला तर किती उंचीला थेंब आरपार येतो, त्याचा तो आकडा. 3000 असेल तर वरून पडणाऱ्या सरीने कापड झिरपणार नाही, मग पाऊस लीड्सचा असो नाहीतर ताम्हिणीचा. फरक पडतो तो पाणी किती वेळ आणि किती साचतं याने. लंडनला वर्षभरात साधारण 600 मिमी पाऊस पडतो, लोणावळ्यात जुलैच्या एका जोरदार आठवड्यात तेवढा पडू शकतो. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 3 बाय 3 मीटरच्या छपरावर दिवसात 100 मिमी पडला तर 900 लिटर पाणी वाहून गेलं पाहिजे. त्यातलं 50 लिटर जरी बोगद्याच्या झोळीत अडकलं तर 50 किलो वजन त्या जोडपट्टीला लटकतं, आणि मग कापड नाही, शिवण उसवते.

म्हणून सगळं लक्ष बोगद्याकडे द्या. इथेच ईकोवाल्यांची खरी अडचण आहे. बुटक्या गाड्यांसाठीच्या ऑनिंगवर जोडणीची उंची बहुधा 180 ते 210 सेंमी लिहिलेली असते. ईको जेमतेम 1.8 मीटर, म्हणजे आपण अगदी खालच्या टोकाला. तंबूचं छप्पर गाडीपेक्षा उंच राहतं, बोगदा गाडीकडे उतरता होतो आणि तंबूवरचं निम्मं पाणी दाराच्या डोक्यावर येऊन थांबतं. भावाची गाडी उंच असेल तर त्याला हा त्रास कधी झालाच नसेल, तेव्हा ‘माझं कधी गळलं नाही’ हे त्याचं म्हणणं खरं असूनही तुमच्या उपयोगाचं नाही.

यावर उपाय टपावरचा कॅरिअर. बोगद्याची कड दाराच्या वर चिकटवत बसण्याऐवजी पूर्ण पदर कॅरिअरवरून पलीकडे टाका आणि पलीकडच्या बाजूला पट्ट्यांनी खाली ओढून खुंट्यांना बांधा. कॅरिअरमुळे कड थोडी उचलली जाते, आणि जे पाणी गाडीकडे येतं ते फटीत न शिरता टपावरून पलीकडे पडतं. पदर अपुरा पडला तर ताडपत्रीचा तुकडा वरून घाला. परदेशी कॅम्पर गाड्यांना यासाठी बहुधा छताला पन्हळीसारखी पट्टी असते, तिच्यात 6 मिमीची दोरी शिवलेली कड सरकवतात. आपल्या गाड्यांना ती नसते. कुणी टपाला भोकं पाडून रिव्हेटने बसवून देतो म्हणाला तर हात जोडा. दुसऱ्या पावसाळ्यात तिथून गंज आणि गळती दोन्ही सुरू होतात.

एवढं करूनही एक धार आत येतेच, आणि ती कुठून येते ते एकदा टॉर्च घेऊन बसून पाहण्यासारखं आहे. दार उघडं असताना वरच्या कडेचं पाणी कोपऱ्याकडे सरकतं, तिथे बांधलेल्या पट्टीला धरतं, पट्टीच्या खालच्या अंगाने निवांत आत चालत येतं आणि पायरीच्या बरोबर वर थेंब थेंब सोडतं. बघणाऱ्याला वाटतं कापड गळतंय. त्या पट्टीला तंबूच्या बाहेरच्या बाजूला सुती दोऱ्याची वीतभर शेपटी बांधा. पाणी दोऱ्याला लागून बाहेरच टपकतं. टप आणि कापड यांच्यामधली फट बुजवायला एसीच्या पाइपवर घालतात ती फोमची काळी नळी उत्तम, कुठल्याही एसीच्या दुकानात मिळते. आणि बोगदा ढिला वाटला तर तंबूच्या खुंट्या उपटत बसू नका, गाडीच वीतभर लांब घ्या. तणाव आपोआप येतो.

दिशा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वारा आणि पाऊस मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. गाडीच आडोसा करायची, ऑनिंग पूर्वेच्या अंगाला. ईकोला दोन्ही बाजूंना सरकती दारं असल्याने तुम्हाला सोयीचं दार निवडता येतं. फोर्स ट्रॅव्हलरसारखं फक्त डावीकडे दार असेल तर गाडीचं तोंड दक्षिणेला किंवा जरासं आग्नेयेला करायचं, म्हणजे डावी बाजू वाऱ्याच्या आड येते. घाटाच्या अगदी कडेला हा नियम चालत नाही, तिथे वारा खालूनही येतो. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस यांच्या वाऱ्याचाही भरवसा नाही, त्या दिवसांत दुपारी आभाळ भरून आलं की मी सरळ तंबू उतरवतो.

खुंट्यांचं सांगतो. तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या इंग्लंडच्या हिरवळीसाठी असतात. आपल्याकडे एक तर वर वीतभर माती आणि खाली कातळ, तिथे त्या वाकतात. नाहीतर भातखाचराशेजारचा चिखल, तिथे त्या लोण्यातून काढल्यासारख्या निघून येतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून 10 मिमी सळईचे फूट-दीड फूट तुकडे कापून एक टोक वाकवून घ्या. वरच्या टोकाला जुना टेनिस बॉल खोचा, मुलं अंधारात धावतात. चिखलात मात्र तेही पुरत नाहीत, तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत मुरूम किंवा दगड भरून दोऱ्या त्यांना बांधायच्या. दोर, ताडपत्री, गोण्या सगळं पुण्याच्या बोहरी आळीत एका फेरीत होतं.

आता उभं ठेवून गाडी घेऊन जाण्याबद्दल. गाडी जोडलेली असते तेव्हा ती एका बाजूचा नांगर असते. ती निघाली की बोगद्याची बाजू मोकळी सुटते, वारा तिथून आत शिरतो आणि तंबू फुगतो. म्हणून निघण्याआधी बोगद्याची चेन लावून तो गुंडाळा, त्या बाजूच्या दोऱ्या वेगळ्या खुंट्यांना ताणा आणि आत काही जड सामान ठेवा. पलीकडे बांधलेल्या पट्ट्या सोडल्यात का, हे गाडीला पूर्ण फेरी मारूनच पाहायचं. चालकाच्या जागेवरून दिसत नाही. परत आल्यावर गाडी नेमकी त्याच जागी लागावी म्हणून निघतानाच दोन चाकांपाशी दगड ठेवा. ईकोला मागच्या चाकांना ताकद मिळते, तेव्हा मागची चाकं मुरमावर किंवा गवतावर राहतील असं बघा. रोज तिथल्या तिथे पुढे-मागे केलं की दुसऱ्या दिवशी चाकोऱ्या पडतात, तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

मी स्वतः तंबू मागे ठेवून जातो ते फक्त ओळखीच्या शेतघराच्या आवारात, जिथे घरातलं कुणीतरी दिवसभर असतं. पवनेच्या काठावर, वेल्ह्यात, भोरकडे असे लोक आता सापडतात. मालकाला आधी फोन करून विचारा, पैसे द्या, आणि तो जिथे म्हणेल तिथेच लावा. पाणी कुठून वाहतं हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. ‘इथं नका, तिकडं लावा’ म्हणाला की वाद घालायचा नाही.

जागेबाबत एवढंच की डोंगराच्या पोटाशी, ओढ्याच्या पात्रात आणि धरणाच्या खालच्या अंगाला मुक्काम नको. माळीण 30 जुलै 2014 ला दरडीखाली गेलं, इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री, दोन्ही भर पावसात. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 115.6 मिमीपासून ‘अति जोरदार’ आणि 204.4 च्या वर ‘अत्यंत जोरदार’. घाटाला ऑरेंज इशारा असेल तर मी ऑनिंग घरीच ठेवतो, गाडीतच झोपायचं. रेड असेल तर गाडीही घरी. शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे-धरणांच्या परिसरात बंदीचे आदेश काढतात, निघण्याआधी ते बघा.

आईंना ऑनिंगमध्ये झोपवू नका म्हटलं, त्याची दोन कारणं. पहिलं, बऱ्याच ड्राइव्ह-अवे ऑनिंगमध्ये जमिनीचं कापड शिवलेलं नसतं, नुसतं अंथरलेलं असतं. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की खेकड्यापासून मण्यारीपर्यंत सगळे कोरडी जागा शोधत येतात. आत झोपणाऱ्याला चारी बाजूंनी शिवलेला आतला तंबू हवा, शक्यतो खाट हवी, आणि बूट घालण्याआधी झटकायची सवय हवी. दुसरं कारण दमटपणा. रात्री कापडाच्या आतून जे पाणी ओघळतं ते बहुतेक वेळा गळती नसते, आपलाच श्वास थंड कापडावर जमलेला असतो. वरच्या जाळ्या उघड्या ठेवल्या तर कमी होतं, पूर्ण थांबत नाही, कारण बाहेरची हवाच ओथंबलेली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे सोसत नाही.

थंडी वाजली तरी आत शेगडी पेटवायची नाही. कणसं भाजायचा मोह होतो, मला माहीत आहे. पण बंद कापडात कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड माणसाला झोपेत मारतो, त्याला वासही नसतो. विझत आलेली शेगडीसुद्धा आत आणू नका. गॅसवर स्वयंपाक करायचा तर वाऱ्याच्या आडची बाजू पूर्ण उघडून, दाराजवळ, आणि सिलिंडर उभा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. शेतघरातून वीज घेतलीत तर 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागूनच (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या आणि जोडणीचा बोर्ड जमिनीवर न ठेवता टांगा.

परत आल्यावरचं काम कुणी सांगत नाही. ऑनिंग ओलंच गुंडाळून आणावं लागतं, त्याला इलाज नाही, पण दोन दिवसांच्या आत ते उघडलं नाही तर काळी बुरशी धरते आणि तो डाग जात नाही. पुण्यात सलग ऊन मिळेल याचा भरवसा नसतो, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोरीवर किंवा घरात पंख्याखाली, उलटून-पालटून. चिखल नुसत्या पाण्याने आणि स्पंजने पुसा. कपड्यांची पावडर लावली तर वरचा पाणी झटकणारा लेप जातो आणि पुढच्या खेपेला कापड पाणी पिऊन जड होतं.

आता फुकटचं घ्यावं का. हो म्हणण्याआधी भावाला व्हिडिओ कॉलवर ते पूर्ण उघडायला सांगा. आतून शिवणींवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, ती सुटून कुरळी झाली आहे का ते बघा. थोडी सुटली असेल तर शिवण बंद करायचं द्रव मिळतं, काम होतं. मग त्याला आतल्या बाजूवर तळहात दाबायला सांगा. हात चिकटला, किंवा आंबट वास येतो म्हणाला, तर आतला पॉलियुरेथेनचा लेप दमटपणाने विघटित होतोय, त्यावर उपाय नाही. तसं असेल तर सामानाचं वजन वाया घालवू नका, बोहरी आळीतून 200 जीएसएमची (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाची) जाड ताडपत्री आणि दोन पाइप घ्या, कॅरिअरला बांधा. पहिल्या पावसाळ्यात तेवढं पुरेसं आहे.