जुना टेक्ट्रॉनिक्स ४६५ दुरुस्त होईल का, आणि त्याची ट्यूब कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात भंगारातून टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा सीआरओ (सिग्नलचा आकार पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र, म्हणजे ऑसिलोस्कोप) घेतला, स्केलचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडद्यावर रेघ येत नाही. एका मेकॅनिकने ‘पिक्चर ट्यूब गेली’ म्हणून सांगितलं आणि आता तुम्ही ट्यूब शोधताय.

ट्यूब शोधणं आजच्या आज थांबवा. रेघ दिसत नाही म्हणजे ट्यूब गेली, हे अनुमान टीव्हीच्या सवयीतून येतं. मी पॉवरलूमच्या ड्राइव्हची कार्डं दुरुस्त करतो, सोबत सीआरओही करतो. माझ्या टेबलावर आलेल्या सीआरओंमध्ये ट्यूब गेलेली फार क्वचित निघते. कुठला पार्ट गेलाय हे मोजून ठरलेलं नसताना पार्ट शोधायला निघालं की पैसेही जातात आणि चांगला सीआरओ परत भंगारात जातो.

आधी व्होल्टेज सिलेक्टर २३० वर आहे का पाहा. ब्लोअरने आतली धूळ काढा. आपल्याकडे सुताची धूळ फार, ती पंख्यात आणि हाय व्होल्टेजच्या भागात बसते. मग ट्रिगर ऑटोवर, इंटेन्सिटी अर्ध्याच्या थोडी पुढे, पोझिशनचे नॉब मध्यावर ठेवा आणि ‘बीम फाइंड’चं बटण (पडद्याबाहेर गेलेली रेघ आखडून आत आणणारं) दाबा. आखडलेली रेघ किंवा ठिपका दिसला तर आनंद माना: ट्यूब, तिचा हीटर, हाय व्होल्टेज सगळं जिवंत आहे, बीम (इलेक्ट्रॉनचा झोत) फक्त पडद्याबाहेर गेलाय आणि दोष तो सरकवणाऱ्या डिफ्लेक्शनच्या अॅम्प्लिफायरमध्ये आहे. फक्त प्रखर ठिपका एका जागी उभा ठेवू नका, पडद्यावरचा चमकणारा थर (फॉस्फर) जळतो आणि तो डाग कायमचा राहतो.

काहीच दिसलं नाही तर आतल्या सर्किटला वीज पुरवणारे पाच सप्लाय मोजा: +११०, +५५, +१५, +५ आणि -८ व्होल्ट. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये टेस्ट पॉइंट चित्रासकट दाखवलेत. मॅन्युअल टेकविकी या जुन्या टेक्ट्रॉनिक्स यंत्रांच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या आणि सर्किटची पानं मोठी छापून घ्या. त्या काळच्या टेक्ट्रॉनिक्स मॅन्युअलसारखं मॅन्युअल आज कुठलीच कंपनी देत नाही. कुठल्या बिंदूवर कुठला वेव्हफॉर्म दिसायला हवा इथपर्यंत सगळं त्यात आहे. ४६५ उघडायला माझी मनापासून तयारी असते ती याच कारणाने.

मोजताना जपा. ट्यूबच्या अॅनोडवर हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही चार्ज टिकतो. कॅथोडचे उणे २,४५० व्होल्ट तर साध्या दिसणाऱ्या बोर्डावर असतात. दोन्ही भागांना साधा मल्टिमीटर लावायचा नाही, हाय व्होल्टेज प्रोबच हवा. आणि प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. ड्राइव्ह तपासणारी मंडळी सर्रास कापतात, ते जिवावर बेतणारं आहे.

पाचांपैकी एखादा सप्लाय शून्याच्या आसपास सापडला तर पहिला संशय टॅन्टलम कंडेन्सरवर. चिंचोक्याएवढे, रंगीत, दोन पायांचे. या वयात ते शॉर्ट होतात आणि सप्लायच खाली बसतो. बंद स्थितीत त्या लाइनचा ग्राउंडशी ओहम मोजा. दोन-चार ओहम आले तर शॉर्ट नक्की, पण एका लाइनवर असे कितीतरी कंडेन्सर असतात, प्रत्येक काढत बसलात तर जुन्या बोर्डाचे ट्रॅक उचकटतील. त्यापेक्षा बेंच सप्लायवर (व्होल्टेज आणि करंट ठरवून देता येणारा टेबलावरचा सप्लाय) अर्धा व्होल्ट आणि १ अँपिअरची मर्यादा लावून त्या लाइनला द्या. इतक्या कमी व्होल्टेजला ट्रान्झिस्टर चालू होत नाहीत, करंट जातो तो शॉर्टमधूनच. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून काळी प्रोब ग्राउंडला, लाल ट्रॅकवर पुढे सरकवत जा. आकडा उतरत जाईल. जिथे सगळ्यात कमी, तिथलाच कंडेन्सर उचला. नवा घालताना +१५ च्या लाइनवर २५ किंवा ३५ व्होल्टचा घाला. खूण नीट बघा: टॅन्टलमवर खूण अधिकच्या पायाला असते, साध्या इलेक्ट्रोलिटिकवर पट्टी उण्याच्या पायाला.

आता पार्टबद्दल. मॅन्युअलमधला नंबर घेऊन दुकानात गेलात तर कुणीच देणार नाही, कारण तो कंपनीचा स्वतःचा नंबर. पण त्याला भाषा आहे. १५१ ने सुरू होतो तो ट्रान्झिस्टर, १५२ डायोड, १५६ बाहेरून घेतलेला आयसी, १५५ म्हणजे टेक्ट्रॉनिक्सने स्वतःसाठी बनवलेला आयसी. १५१-०१९०-०० हा साधा २एन३९०४ आहे, १५१-०१८८-०० हा २एन३९०६. दोन्ही कुठेही मिळतात. दुर्मिळ म्हणावेत असे खरे पार्ट थोडेच: १५५ वाले आयसी, हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर, ट्यूब आणि कॅम स्विचचे (नॉब फिरवल्यावर आतले संपर्क जोडणारे) भाग. हे स्विच खरखरतात तेव्हा पॉलिश पेपर मारू नका, सोन्याचा मुलामा निघून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कागदाची पट्टी पुरते.

साध्या पार्टसाठी आधी गावातले जुने टीव्ही मेकॅनिक गाठा. बीएफ४२२, बीएफ४२३ असे २५० व्होल्टचे ट्रान्झिस्टर त्यांच्या खणात अजून पडून आहेत, आणि ते ऑनलाइनच्या नकली मालापेक्षा कितीतरी भरवशाचे. तिथे नाही जमलं तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरा, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकानं करून रात्री घरी येता येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, हैदराबादला कोठीची गुजराती गल्ली. बदली ट्रान्झिस्टर घेताना नुसतं व्होल्टेज जुळवू नका, फ्रीक्वेन्सी आणि पायांचा क्रमही जुळायला हवा. हाय व्होल्टेज डायोड म्हणून दुकानदार मायक्रोवेव्ह ओव्हनचा देईल, तो घेऊ नका. तो ५० हर्ट्झसाठी असतो; इथला ऑसिलेटर कितीतरी पटींनी जलद चालतो, तिथे तो तापून जातो.

दुर्मिळ पार्टांसाठी माझ्या मते एकच व्यवहारी वाट आहे: त्याच मॉडेलचा दुसरा बंद सीआरओ. एकटा १५५ वाला आयसी परदेशातून मागवायचा, तर ग्रीसमधलं क्यूसर्व्हिस जुने टेक्ट्रॉनिक्स पार्ट विकतं, पण टपाल आणि कस्टम धरून हिशेब करा. ट्यूब तर टपालाने मागवूच नका, काच आहे. भंगारवाल्याला सांगून ठेवा की असा डबा आला तर फोडू नको. तुमच्याकडे भारतीय बनावटीचा २० मेगाहर्ट्झचा सीआरओ असता तर काम सोपं होतं; कॉलेजं आणि पॉलिटेक्निक जुनी यंत्रं डेडस्टॉकच्या नोंदवहीतून काढून टाकून (निर्लेखित करून) लॉटमध्ये विकतात, त्यांत तसले पुष्कळ निघतात.

बीम फाइंड दाबल्यावर काय दिसलं आणि पाचही सप्लायचे आकडे किती आले, एवढं लिहून कळवा. -८ मोजायला विसरू नका, तो बरेचजण सोडतात. त्यावरून कुठल्या बोर्डात शिरायचं ते सांगतो.