रानातल्या करवंदांचा जॅम आधी पातळ राहिला, मग चिवट झाला. काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की गावाहून येताना रानातली करवंदं आणलीत, त्यातली काळीभोर आणि मऊ तेवढी निवडून घेतलीत, जॅम पातळ वाटला म्हणून पुन्हा गॅसवर चढवून तासभर आटवलात आणि आता चमचा उचलला की त्याला तार सुटते. शिवाय पातेल्याला चीक बसलाय. बाजारातून पेक्टिन, म्हणजे जॅम जमवणारा फळातला घटक, आणून घालावं का, हा तुमचा प्रश्न.

नका आणू. करवंदात पेक्टिन मुबलक असतं, त्याला वरून घालायची गरजच पडत नाही. घोटाळा निवडण्यात झालाय. तुम्ही बाजूला काढलेली ती लालसर, टणक, दात आंबवणारी करवंदं असतात ना, जॅम जमतो तो त्यांच्या जिवावर.

फळाच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. फळ पिकायला लागलं की त्यातलीच विकरं हे पेक्टिन तोडू लागतात, म्हणून तर फळ मऊ पडतं. त्याच वेळी आंबटपणाही उतरतो. आता जॅम जमायला पेक्टिन, आम्ल आणि साखर अशा तिन्ही गोष्टी लागतात. साखर पाणी स्वतःकडे ओढते, आम्लामुळे पेक्टिनचे रेणू एकमेकांपासून दूर पळायचे थांबतात आणि मग त्यांचं जाळं बनतं. त्यासाठी सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप) साधारण ३ च्या आसपास असावा लागतो. पूर्ण पिकलेल्या फळात या तिन्हींपैकी दोन गोष्टी कमी असतात. चव फर्मास, पण जमत नाही. त्यावर तुम्ही तासभर उकळलंत. आंबट मिश्रणात फार वेळ उकळत राहिलं की उरलंसुरलं पेक्टिनही तुटतं. म्हणजे तुमच्या बरणीत आता आहे तो करवंदाच्या चवीचा पक्का पाक. तार येते ती साखरेची.

म्हणून पुढच्या वेळी एक किलोत साधारण पाऊण किलो काळी आणि पाव किलो अर्धवट पिकलेली, लाल-गुलाबी झाक असलेली घ्या. पूर्ण हिरवी नकोत. त्यांचा चीक फार असतो आणि तुरटपणा जॅममध्ये राहतो, ती लोणच्याला ठेवा. लहानपणी करवंद दातानं अर्धं तोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळला असाल तर आठवेल की काही करवंदं आतून लाल निघतात, काही पांढरट. दोन्ही चालतात, पण लाल निघणारी जास्त असतील त्या वर्षी जॅमचा रंग बघण्यासारखा येतो. आणि वळवाची मोठी सर पडून गेल्यावर तोडू नका. फळ पाणी पितं, चव फिकी होते, आणि अळ्याही सापडायला लागतात. मे महिन्याचे कोरडे दिवस सगळ्यात चांगले.

तोडण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण बंगल्यांच्या आणि शेताच्या कुंपणातली फळंही लोक आणतात. कुंपणाला बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हमखास लावलेली असते. ती करवंदाच्याच कुळातली आहे, तिलाही पांढरा चीक येतो आणि तिचं फळ पिकल्यावर काळपट होतं. ते फळ जिवावर बेतू शकतं. त्यामुळे ‘चीक आला म्हणजे करवंद’ ही खूण धरू नका. करवंदाच्या जाळीला जोडीनं येणारे कडक काटे असतात, पानं छोटी, जाड, चकचकीत आणि समोरासमोर, फळ गोल आणि आत चपट्या बारीक बिया. बिट्टीला काटे नसतात, पानं लांब आणि अरुंद, फुलं पिवळी घंटेच्या आकाराची, फळ कोनेदार आणि आत एकच मोठी कठीण बी. एकदा दोन्ही झाडं शेजारी शेजारी नीट बघितली की पुन्हा गल्लत होत नाही, पण लहान मुलं तोडत असतील तर तोडलेलं सगळं तुम्ही स्वतः निवडा. घाणेरीचे काळे मणीसुद्धा टोपलीत येतात, तेही काढून टाका.

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय काहीही तोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, मूठभर करवंदंही नाहीत. मला विचाराल तर घाटात, स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या कातकरी-ठाकर बायकांकडून घ्यावीत. त्यांना जाळ्या माहीत असतात, माल त्याच सकाळचा असतो, आणि ‘थोडी लाल पण द्या मावशी’ म्हटलं की त्या खुशीत देतात, कारण ती एरवी कुणी घेत नाही.

आता चिकाचं. हाताला आणि सुरीला खोबरेल लावून बसायचं. देठाकडचं टोक नखानं किंवा सुरीनं उडवायचं. पांढरा थेंब येतो तो तिथेच. मग मिठाच्या पाण्यात अर्धा तास. पाण्यावर दुधट तवंग येईल, तो ओतून टाका आणि फळं दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. मिठाचा अंश राहू देऊ नका. काळ्या फळांत चीक कमी असला तरी असतोच, खरी मेहनत मात्र लाल फळांची आहे. ही पायरी टाळली की चीक उकळताना वर येतो आणि पातेल्याच्या कडेला रबरासारखा बसतो. तुमचं तेच झालं.

पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं आणि पसरट घ्या. ॲल्युमिनियम किंवा लोखंड नको, आंबट फळ धातूला खातं आणि रंगही काळवंडतो. पसरट यासाठी की पाणी लवकर उडालं पाहिजे, म्हणजे पेक्टिन तुटायच्या आत काम आटोपतं. याच कारणासाठी एका वेळी फार मोठा घाणा घेऊ नका.

फळं आणि दीड कप पाणी झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा, साल बोटानं सहज चिरडेपर्यंत, साधारण वीस मिनिटं. साखर अजिबात घालायची नाही. साखर आधी पडली की सालं चामट होतात आणि पेक्टिन बाहेर यायला अडचण होते. मग पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून गर काढा. बियांसकट जॅम करणारेही आहेत. मला दर घासाला बी चावायला आवडत नाही.

इथे एक छोटी परीक्षा करता येते. गार केलेला रस एक चमचा काचेच्या वाटीत घ्या, त्यात तीन चमचे सर्जिकल स्पिरिट घालून हलकेच फिरवा आणि मिनिटभर थांबा. एकसंध, उचलता येईल असा गोळा बनला तर पेक्टिन भरपूर आहे. नुसते बारीक कण तरंगले तर कमी आहे. मग थोडी लाल करवंदं शिजवून त्यांचा गर यात मिसळा. वाटीतलं मिश्रण फेकून द्या, चाखायचं नाही. स्पिरिट विषारी असतं, आणि गॅसपासून लांबही ठेवा.

गर वजन करून घ्या. एक किलो गराला ८०० ग्रॅम साखर. ‘साखर कमी केली तर?’ हा प्रश्न येणारच म्हणून आत्ताच सांगतो: तयार जॅममध्ये साखर सुमारे ६० टक्के आणि एकूण विरघळलेले घटक ६५ टक्क्यांच्या आसपास असले तरच तो जमतो आणि टिकतो. अर्धी साखर घालून होतो तो गोड सॉस. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा, चवीला छान लागतो, पण त्याच्याकडून जॅमची अपेक्षा ठेवू नका.

साखर मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या आणि त्यानंतर गॅस मोठा करा. इथून पुढे पातेल्याजवळून हलायचं नाही. सुरुवातीला फेस भरभर वर चढतो, बुडबुडे बारीक असतात. थोड्या वेळानं फेस बसतो, बुडबुडे मोठे आणि जड होतात, फुटताना फटफट असा आवाज येतो आणि शिंतोडे मनगटावर उडतात. हा आवाज आला की तपासायला घ्या.

तपासायची जुनी रीत म्हणजे बशी. दोन-तीन बशा आधीच फ्रीजरमध्ये ठेवा. अर्धा चमचा जॅम गार बशीवर टाका, मिनिटभर थांबा आणि बोटानं हळूच पुढे ढकला. दुधावरच्या सायीसारखी सुरकुती पडली की झालं. बोटाच्या दोन्ही बाजूंनी वाहून परत एक झाला तर आणखी दोन-तीन मिनिटं. बशी बघत असताना गॅस बंद ठेवा, नाहीतर बशी पास होईपर्यंत पातेल्यातला जॅम पुढे गेलेला असतो.

थर्मामीटर असेल तर समुद्रसपाटीवर १०५ अंश सेल्सिअसची खूण धरतात. पण हा आकडा मुंबई-रत्नागिरीचा. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. पुण्यात ते ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६. तेव्हा आधी नुसतं पाणी उकळून आकडा बघा आणि त्यात साडेचार-पाच अंश मिळवा. महाबळेश्वरात १०५ ची वाट बघत बसलात तर चिक्कीच होईल.

मला स्वतःला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो तराजू. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवायचं. साखर अंतिम वजनाच्या ६० टक्के हवी, म्हणजे ८०० ग्रॅम साखरेला साधारण १३३० ग्रॅम जॅम. पातेल्यासकट वजन तिथे आलं की थांबायचं. साखर जेवढी घातली तेवढी पातेल्यातच आहे, उडतंय ते फक्त पाणी, त्यामुळे हा हिशेब चुकत नाही. गरम पातेलं उचलताना मात्र जपून, आणि तराजूवर लाकडी पाट ठेवून त्याचं वजन वजा करायला विसरू नका.

काचेच्या बरण्या दहा मिनिटं उकळून, कोरड्या करून गरम असतानाच भरा. गरम जॅम थंड काचेत ओतला तर बरणी तडकते. वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा सोडून लगेच झाकण लावा. उघडल्यावर फ्रीज आणि कोरडा चमचा. वर बुरशी दिसली तर तेवढी काढून बाकीचं खाऊ नका, सगळी बरणी टाका. बुरशीचे धागे आणि विष खाली उतरलेलं असू शकतं.

मेच्या शेवटी जांभळंही येतात. नुसत्या जांभळाचा जॅम नीट जमत नाही आणि तुरट लागतो, पण निम्मा जांभळाचा गर आणि निम्मा लाल करवंदं जास्त घातलेला करवंदाचा गर घेतला तर रंग गडद जांभळा येतो आणि घट्टपणाही चांगला येतो. माझ्या मते नुसत्या करवंदापेक्षा हा सरस. घरात यावर एकमत नाही.

तुमच्याकडे असलेल्या बरणीबद्दल. जळका वास येत नसेल तर ती फुकट गेलेली नाही. थोडं गरम पाणी घालून सैल करा. लाल करवंदं मिळाली तर त्यांचा शिजवलेला गर, जॅमच्या पाव भागाइतका, त्यात मिसळून पाच-सात मिनिटं जोरात उकळा आणि बशीवर बघा. बहुतेक वेळा जमतं. करवंदं संपली असतील तर असंच सैल करून काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला, सरबताचा अर्क म्हणून वापरा.

पातेलं पाण्यानं घासू नका, चीक आणखी पसरतो. कोरड्या पातेल्याला खाण्याचं तेल चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, जुन्या फडक्यानं पुसून काढा आणि त्यानंतर गरम पाणी आणि साबण.