पेठेतल्या मुलीला पहिल्यांदा भेटायला कुठे बोलवू?

"ताई, मी लातूरचा, वय 27, हिंजवडीत जॉब करतो आणि वाकडला रूमवर राहतो. मित्राच्या हळदीत एक मुलगी भेटली, सदाशिव पेठेतली आहे. दोन महिने झाले रोज चॅटिंग चालू आहे, आता भेटायचं ठरलंय. ती म्हणाली, 'जागा तू ठरव, फक्त डेक्कन-एफसी रोड नको आणि साडेआठच्या आत मला घरी पोचायचंय.' ती व्हेज खाते. रूममेट म्हणतात कोरेगाव पार्कला रूफटॉप बुक कर, इंप्रेशन पडलं पाहिजे. मला वाटतं आधी शनिवारवाडा बघावा आणि मग वैशाली हॉटेलला जावं, पुणं म्हणजे तेच ना. दुसरं टेन्शन म्हणजे माझं बोलणं एकदम लातूरचं आहे, ती हसली तर? काय करू सांगा."

अरे राजा, तुझं अर्धं उत्तर तिनेच देऊन ठेवलंय आणि तू ते वाचून पुढे गेलास. डेक्कन-एफसी रोड नको म्हणाली ना ती? मग वैशाली कुठे आहे? एफसी रोडलाच. तुला वैशाली आवडते, ठीक आहे, तिथली एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी, मलाही आवडते, पण तिच्या बाजूने विचार कर. सदाशिव पेठेत वाढलेल्या मुलीला त्या रस्त्यावर दर पन्नास पावलांवर कुणी ना कुणी ओळखीचं भेटतं, वैशालीत तर वर्षानुवर्षं ठरलेल्या वेळी येऊन बसणारी माणसं आहेत, त्यातलं एक कुणी तिच्या बाबांचा मित्र निघालं की तुमची कॉफी संपायच्या आत घरी बातमी पोचलेली असते. रूपाली, गुडलक, सगळं त्यातच आलं. शिवाय वीकेंडला संध्याकाळी तिथे वेटिंग असतं, तुम्ही मस्त बोलत बसलायत आणि कुणीतरी रिकाम्या होणाऱ्या टेबलवर नजर ठेवून उभं आहे, अशात माणूस मन मोकळं करून बोलणार कसा?

शनिवारवाड्याचं म्हणशील तर, भाऊ, ती त्याच्या सावलीतच लहानाची मोठी झालीये. 1732 साली बांधून झालेला वाडा 1828 च्या आगीत जळाला, आत आता मुख्यतः जोती आणि कारंजी आहेत, दुपारच्या उन्हात तिथे फिरवून तू तिला काय नवीन दाखवणार? त्यात पेठेत गाडी लावायची म्हणजे आज सम तारीख की विषम, पार्किंगची पी-वन कुठली बाजू आणि पी-टू कुठली हे बघत फिरायचं, पहिल्या भेटीला उशिरा पोचायची पूर्ण सोय. तिचं पुणं तिलाच दाखवू दे, पुढे कधीतरी, तिला वाटेल तेव्हा. विश्रामबागवाड्याच्या लाकडी कामासमोर उभं राहून ती तुला सांगेल, मग तुळशीबागेत फिरवेल, सुजाताची मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध, पाजेल. ते आमंत्रण तिच्याकडून यायला हवं.

आता रूममेट्सचं रूफटॉप. मनापासून सांगते, नको. अशा जागा रंगात येतात रात्री नऊनंतर आणि तिला साडेआठला घरी पोचायचंय. म्युझिक इतकं मोठं असतं की एकमेकांच्या कानाशी जाऊन बोलावं लागतं आणि पहिल्याच भेटीत एवढं जवळ यायला तिला आवडेल का हे तुला अजून माहीत नाही. आणि बिल. तू तीन-चार हजार भरलेस की ते ओझं तिच्यावर येतं, नाही पटलं तरी लवकर उठायला तिला संकोच वाटणार, 'एवढा खर्च केला बिचाऱ्याने' म्हणून. तिला पाऊण तासात निघावंसं वाटलं तर सहज निघता आलं पाहिजे आणि बोलत बसावंसं वाटलं तर कुणी उठवता कामा नये. जागा ठरवताना मी तरी एवढंच बघेन, बाकी लायटिंग वगैरे राहू दे.

त्याच कारणाने थाळी पण नको. वाढपी दर दोन मिनिटाला येतो, भाजी वाढू, आमटी वाढू, आणि तुझं वाक्य अर्धवट राहतं ते राहतंच. मिसळही नको, नाकाडोळ्यातून पाणी येत असताना कुणाचं ऐकून घेता येत नाही.

माझं मत कॅम्प. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी शहराबाहेर पूर्वेला छावणी वसवली तोच हा भाग, म्हणजे इतिहास तुला हवाच असेल तर तोही आहे, फक्त तिच्या नातेवाइकांचा वावर कमी. शनिवारी साडेचारला एमजी रोडवर मार्झोरीन. जुनी जागा आहे, सँडविच, रोल, ज्यूस असलं खाणं, काउंटरवर सांगायचं, पैसे द्यायचे आणि घेऊन वरच्या मजल्यावर बसायचं. सारखं सारखं कुणी 'अजून काय आणू' विचारत नाही आणि बिल कोण भरणार ही ओढाताणही होत नाही, पहिलं तू आण, नंतरचा ज्यूस ती आणते म्हणाली तर आणू दे, उगाच 'नाही नाही मीच' करू नकोस. भिंतीकडची खुर्ची तिला दे, समोरून कोण येतंय ते तिला दिसू दे, एवढ्यानेही माणूस निवांत बसतो. सहापर्यंत गप्पा रंगल्याच तर उठून ईस्ट स्ट्रीटला कयानी बेकरीपर्यंत चालत जा, 1955 पासूनचं दुकान आहे, श्रूजबेरी बिस्किटं मिळाली तर घे, तिला घरी न्यायला पण होतील. चालताना खूप गोष्टी सहज निघतात ज्या समोरासमोर बसून निघत नाहीत.

एक गोष्ट मात्र तिला आधीच विचार. मार्झोरीनला चिकनही मिळतं. काही जणांना व्हेज पदार्थ असला की पुरतो, काहींना तिथलं किचन एकच आहे म्हटल्यावर घास उतरत नाही, आणि यात तिची परीक्षाही नाही नि तुझीही. नको म्हणाली तर कॅम्पातच एखादं साधं साऊथ इंडियन व्हेज हॉटेल बघ, डोसा-कॉफी, विषय संपला. दोराबजींचं 1878 पासूनचं पारशी हॉटेल आणि तिथलं धनसाक मला प्रिय आहे, पण तिथे तू मित्रांबरोबर जा.

वाकडहून शनिवारी दुपारी वेळेत पोचायचं तर सव्वातीनला नीघ. तिला घ्यायला येतो असं म्हणू नकोस, ती तिच्या गाडीवर येईल, तिच्या वेळेला जाईल.

आणि भाषेचं. दोन महिने ती तुझ्याशी बोलतेय ना, आणि हळदीत तू काय पेठी मराठी बोलत होतास का? तिला तू कसा बोलतोस ते माहीत आहे आणि तरी भेटायला ती तयार आहे. 'काय करलालीस' तोंडातून गेलं तर जाऊ दे. हसलीच तर तूही हस आणि तिला निलंगा राईसबद्दल सांग, सकाळी गाड्यावर मिळणारा तो पिवळा तिखट भात तिने बहुतेक खाल्लेला नसणार. पुण्याच्या हॉटेलांची माहिती तिला तुझ्याहून जास्त आहे आणि राहणार, लातूरचं मात्र तिला तुझ्याकडूनच कळेल.

आज रात्रीच मेसेज टाक, लांबण लावू नको: "शनिवारी साडेचार, कॅम्पात मार्झोरीन. तिथे नॉनव्हेज पण असतं, चालेल ना? नाहीतर दुसरं बघू. साडेसातला निघालीस तरी तू आरामात घरी पोचशील." शेवटचं वाक्य गाळू नकोस, तिने सांगितलेलं तू लक्षात ठेवलंस हे तिला त्यातूनच कळणार आहे.