चार आठवडे ब्रिटनला जाऊन काय शिकता येईल?

प्रश्न: मी बालशल्यचिकित्सक आहे. नवजात बाळांवरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शिकायला चार आठवडे ब्रिटनला जायचंय. प्रत्यक्ष हात लावायला मिळेल का?

उत्तर: नाही. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर फक्त बिनपगारी निरीक्षक म्हणून राहता येतं. उपचार करायचे तर जीएमसीची (ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद) नोंदणी हवी. निमंत्रणपत्रात ‘निरीक्षण’ असं स्पष्ट लिहून घ्या.

शिवाय अशा केसेस विरळ असतात. उदाहरणार्थ, अन्ननलिकेचा जन्मजात अडथळा साधारण साडेतीन हजारांत एखाद्या बाळाला असतो. महिनाभरात एकही केस न येणं सहज शक्य आहे, म्हणून आधीच ठरणाऱ्या शस्त्रक्रियांची यादी विभागाकडून अगोदर मागवा. थिएटरमध्ये नुसतं पडद्याकडे बघत राहू नका. बाळाला कसं निजवलंय, पोर्ट (दुर्बीण आणि उपकरणं आत घालायच्या नळ्या) कुठे घातलेत, आत जागा करायला सोडलेल्या वायूचा दाब किती ठेवलाय, धागा कोणता वापरलाय, हे त्याच दिवशी चित्र काढून वहीत उतरवा. परतल्यावर नेमकं इथेच अडतं.